माळरानाचा पुरावा मराठीत सापडतो, मग संवर्धनाचं विज्ञान इंग्रजीतच का अडतं?

माळकरी
२०२५ साली 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा एक शोधनिबंध आला. विषय आपल्या दारातला: पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं. हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचं उरलंसुरलं रूप, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. या दोघांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, संतचरित्रं, काव्य, लोकपरंपरेतल्या कथा चाळल्या आणि त्यातले झाडाझुडपांचे उल्लेख वेचले. ४४ रानवनस्पती मिळाल्या. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या माळावर वाढणाऱ्या. म्हणजे किमान ७५० वर्षं इथं माळच आहे, इंग्रजांच्या जंगलतोडीच्या कितीतरी आधीपासून.

याचा अर्थ फार मोठा आहे. सरकारी दफ्तरात असा माळ 'पडीक' म्हणून लागतो. पडीक म्हटलं की खड्डे खणा, गिरीपुष्प लावा, हिरवं करा. लांडगा, चिंकारा, माळढोक यांचं घर त्या हिरवाईत जातं आणि वर आपण वृक्षारोपणाचे फोटो काढतो.

मला दोन गोष्टी सतावतात. हा पुरावा शेकडो वर्षं मराठीत पडून होता; इंग्रजीत येईपर्यंत तो पुरावा का ठरला नाही? आणि तो निबंधही शेवटी इंग्रजीतच आहे. सुप्याच्या किंवा माणच्या सरपंचाला तो कोण वाचून दाखवणार?

रानजाई
वाचतेय. फार चांगला विषय.

सोनकी
याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडी आकडेवारी देते. संवर्धन-संशोधक तात्सुया आमानो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की जैवविविधता संवर्धनावर २०१४ या एका वर्षात जे ७५ हजारांवर लेख, निबंध, प्रबंध निघाले, त्यांतले ३५.६ टक्के इंग्रजीत नव्हते. पुढे २०२१ मध्ये त्यांच्या गटाने इंग्रजीखेरीज १६ भाषांतले ४,१९,६७९ शोधनिबंध तपासले. 'संवर्धनाचा अमुक उपाय केला, तो लागू पडला की नाही' हे सांगणारे १,२३४ निबंध त्यात निघाले. नुसते इंग्रजी निबंध वाचणाऱ्याला ज्या प्रदेशांबद्दल आणि ज्या प्राण्यांबद्दल काहीच पुरावा मिळत नव्हता, तिथला पुरावा यांत होता.

आता आपल्याला लागणारी गोष्ट. त्या १६ भाषांत जपानी, स्पॅनिश, फारसी, तुर्की, हंगेरियनसुद्धा आहे. एकही भारतीय भाषा नाही. यात मी त्यांना दोष देत नाही. ते तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध शोधत होते, आणि मराठीत संवर्धनविज्ञानाचं तसं नियतकालिक दाखवा म्हटलं तर आपण काय दाखवणार? 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून चालू आहे, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे. ती विज्ञानप्रसाराची मासिकं. त्यांचं मोल मोठं आहे, पण ती या चाळणीत येत नाहीत.

जपानी संशोधकाचा प्रश्न 'आमचे निबंध कुणी वाचत नाही' हा आहे. आपली अडचण त्याच्या आधीची. आपल्याकडे माहिती आहे, ती निबंधाच्या रूपात नाही. ती ओवीत आहे, वनरक्षकाच्या दैनंदिनीत आहे, कोळणीच्या बोलण्यात आहे.

मंजिरी_तोक्यो
सोनकी, जपानचं नाव निघालं म्हणून लिहिते. होक्काइडोत ब्लॅकिस्टनचं मत्स्यघुबड आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्या घुबडांपैकी एक. जुनी पोकळ झाडं तुटली तशी त्याला घरट्याला जागा उरली नाही. मग घरट्यासाठी पेट्या लावून पाहिल्या. त्या पेट्यांचा उपयोग होतो की नाही याचा अभ्यास जपानी भाषेत छापलेला आहे. हेच घुबड रशियाच्या पूर्वेकडेही आहे. तिथल्या माणसाने इंग्रजीत शोधलं तर त्याच्या हाती तो लागणार नाही.

इथे एक गोष्ट मात्र हेवा वाटावा अशी. माझ्या शेजारचे निवृत्त काका पक्षीगणनेला जातात आणि त्यांच्या हातातला अहवाल जपानीत असतो, आलेख-तक्ते सगळं त्यांच्या भाषेत. ते त्यातल्या चुका काढतात.

तर्ककठोर
विषय चांगला आहे, पण सूर एकांगी होतोय. तीन आक्षेप.

सह्याद्री सहा राज्यांत आहे. गुजराती, मराठी, कोंकणी, कन्नड, मल्याळम, तमिळ. केरळातल्या बेडकावरचं काम मल्याळममध्ये छापलं तर आंबोलीतल्या अभ्यासकाला ते कसं कळणार? इंग्रजीमुळेच आज हे लोक एकमेकांशी बोलतात.

दुसरं, काव्य म्हणजे सर्वेक्षण नव्हे. संतकवीने चंदन म्हटलं म्हणून त्या गावात चंदन होतं असं होत नाही. कमळ तर प्रत्येक स्तोत्रात आहे.

तिसरं, मराठीत लिहिणाऱ्या तरुण संशोधकाला नोकरी-बढतीत त्याचे गुण मिळत नाहीत. त्याच्या पोटावर पाय देऊन आपण भाषाप्रेम का दाखवावं?

माळकरी
@तर्ककठोर, दुसऱ्या आक्षेपाला आधी उत्तर देतो, कारण तोच मुद्द्याचा आहे. त्यांनी उपमा म्हणून आलेली झाडं मोजलेली नाहीत. अमुक नदीच्या खोऱ्यात, अमुक गावाशेजारी अशी जागा ज्या उल्लेखाला आहे, त्यावर भर दिलाय. आणि त्या एका पुराव्यावर थांबलेले नाहीत; इतर प्रकारच्या पुराव्यांशी तो जुळतो का हे पाहिलंय. नीरा नदीच्या खोऱ्यात गवत मुबलक म्हणून गुराखी तिकडे वळले असं वर्णन जुन्या काव्यात येतं. ही उपमा नाही, चराईची बातमी आहे.

आणि हे काम मराठी नीट येत असल्याशिवाय झालंच नसतं. जुनी मराठी वाचता येणारा आणि वनस्पती ओळखणारा, असे दोन्ही डोळे लागतात.

खाडीकाठ
माझा अनुभव वेगळ्या टोकाचा आहे. आमच्या खाडीच्या तोंडाशी एक प्रकल्प यायचा होता, त्याची जनसुनावणी होती. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण आघात अहवालाचा, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते सांगणाऱ्या अहवालाचा, सारांश इंग्रजी आणि स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मूळ अहवाल इंग्रजीतच असतो. आमच्या ग्रामपंचायतीत तो जाडजूड गठ्ठा आला, सोबत मराठी सारांशाची काही पानं. सारांशात वाक्यं अशी की दोनदा वाचूनही कर्ता सापडेना.

मी मूळ अहवाल बायकांना वाचून दाखवायला बसले. जलचरांच्या यादीत लॅटिन नावं आणि एका ओळीत 'द्विपुट मृदुकाय प्राणी: आढळले'. एक मावशी म्हणाल्या, "आमची शिवल्यांची जागा यात खंय आसा?" नव्हतीच. ओहोटीला कुठला पट्टा उघडा पडतो, शिवल्या कुठे, मुळे कुठे, कालवं कुठल्या खडकावर (हे सगळे खायच्या शिंपल्यांचे प्रकार), आणि पावसानंतर किती दिवस तिकडे जायचं नाही, हे त्या बायकांनी एका दुपारी जमिनीवर रेघा ओढून दाखवलं. मी ते कागदावर उतरवलं, मराठीतच, आणि सुनावणीत लेखी दिलं. नोंद झाली. पुढच्या अहवालात तो पट्टा नकाशावर आला.

त्यामुळे 'पुरावा कुठल्या भाषेत' हा माझ्यासाठी चर्चेचा विषय नाही. त्या पट्ट्याचं काय होणार हे त्यावर ठरतं.

रानजाई
खाडीकाठ, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. त्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

अॅड_सुमेधा
खाडीकाठ यांच्या मुद्द्याला जोडून कायद्याचं. मार्च २०२० च्या पर्यावरण आघात अधिसूचनेचा मसुदा आठवतोय? हरकती मागवल्या होत्या, पण मसुदा इंग्रजी-हिंदीत. ३० जून २०२० ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे २२ भाषांत उपलब्ध करा. केंद्र त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे ज्या नियमाने आपल्या गावाची जनसुनावणी चालणार, तो नियम आपल्या भाषेत मिळावा म्हणूनही कोर्टाची पायरी चढावी लागते.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हेच सांगत होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, तेव्हापासून त्यांचा आग्रह होता की तो स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे ठेवा. अहवालाच्या नावाने कोकणात जे रान उठलं, त्यातल्या किती जणांना तो त्यांच्या भाषेत वाचायला मिळाला होता?

बीट_मदतनीस
मी विदर्भात वनरक्षक आहे. नाव-गाव सांगत नाही.

व्याघ्रगणनेच्या वेळी पायी रेषेवर चालून खुणा टिपायचं काम आम्हीच करतो. पगमार्क, विष्ठा, ओरखडे, चितळ-सांबर किती दिसले, झाडोरा कसा. देशभरातल्या आकडेवारीचा पाया बीटवर, म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेल्या जंगलाच्या तुकड्यावर, घातला जातो. पण एकदा प्रशिक्षणाला बाहेरचे सर आले, पडद्यावर सगळं इंग्रजी. आमच्यातले अर्धे माना डोलावत होते. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरताना कळलं की एक रकाना तिघांनी तीन अर्थांनी भरला. मग आमच्या वनपाल साहेबांनी फॉर्मच्या शेजारी हाताने मराठी लिहिलं, झेरॉक्स वाटल्या. त्यानंतर गोंधळ नाही.

सोनकी मॅडम दैनंदिनीबद्दल बोलल्या ते बरोबर आहे. माझ्या आधीच्या वनरक्षकांच्या वह्या मी वाचल्या. पाणवठा कोणत्या महिन्यात आटला, मोह कधी फुलला, रानकुत्री कुठल्या नाल्यात दिसली, वणवा कुठून आला आणि जाळरेषेवर थांबला की ओलांडून गेला, सगळं आहे. मराठीत, तारखेसकट. आजवर किती संशोधक आले, वाट दाखवा म्हणाले. वही दाखवा असं कुणी म्हटलं नाही.

सोनकी
@बीट_मदतनीस, मी म्हणतेय. खरंच. परवानगीचं काय करावं लागेल ते निरोपातून बोलू. वीस-तीस वर्षांचं पाणवठा आटल्याचं वेळापत्रक म्हणजे हवामानबदलाचा पुरावा आहे.

डोंबिवलीचा_पक्षी
थोडं अवांतर. माळाचा विषय आहे म्हणून विचारतो. मागच्या रविवारी मोरगावच्या बाजूला हे झाड दिसलं. बाभूळ की हिवर? फोटो जोडलाय.

रानजाई
फोटो दिसत नाहीये.

डोंबिवलीचा_पक्षी
परत जोडला. आता?

माळकरी
दिसला. हिवर. साल फिकट, पांढुरकी आहे बघा, आणि फुलांचे झुपके मलईच्या रंगाचे. बाभळीची साल काळपट, फुलं पिवळीधमक गोल आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी. मोरगावच्या माळावर हिवर दिसणं अगदी बरोबर, तो तिथलाच.

वाडा_खंडाळी
मेंढपाळाच्या घरातला हाय मी. शिकलोय, नोकरी करतो, पर वडील अजून वाड्यासंगं, म्हंजे मेंढरांच्या फिरत्या तळासंगं, असतात. दिवाळी झाली की मेंढरं कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडाला माघारी.

तुमी माळावर ४४ वनस्पती म्हणता. आमच्या म्हाताऱ्याला नुसती गवतंच किती विचारा. शेडा, पवना, मारवेल, कुसळी. कुसळी कोवळी असंस्तोवर चारायची. एकदा कुसळ धरलं की लोकरीतनं कातड्यात घुसतं, तोंडाला जखमा करतं. मग त्या माळावरनं वाडा हलवायचा. म्हंजे कुठला माळ कधी चरायचा आन कधी मोकळा सोडायचा ह्याचा हिशेब गवतावर असतो. मोकळा सोडला की बी पडतं. पुस्तकात ह्याला चराई व्यवस्थापन म्हणतात, मी कॉलेजात वाचलं. वडलांना ते सांगितलं तर म्हणले, मग आमी काय करत होतो?

आमच्या चराईच्या माळावर आता सलग समतल चर मारल्यात, रोपं लावल्यात. चराच्या कडंला मेंढरू जाईना, आतलं गवत हाताला येईना. लावायच्या आधी गावात बैठक झाली म्हणतात. आमी तवा कोकणात होतो.

तर्ककठोर
@वाडा_खंडाळी, हे वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तुमच्या वडिलांचा हिशेब कागदावर यायला हवा, यात वाद नाही.

पण तो कसा यावा याबद्दल माझा आग्रह कायम आहे. लोकजैवविविधता नोंदवह्यांचं काय झालं ते पाहा. २००२ च्या कायद्यात ही कल्पना आली. गावाने आपल्या भाषेत आपली नोंद करायची, किती सुंदर. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि दंडाच्या भीतीने धडाका सुरू झाला. मी आमच्या तालुक्यातल्या दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहिल्यात. एक गाव खाडीवर, दुसरं डोंगरावर. माशांची यादी शब्दशः एकच. मराठीत लिहिलं म्हणून ते लोकांचं ज्ञान होत नाही. कुणी सांगितलं, कुठे पाहिलं, केव्हा पाहिलं, हे नसेल तर तो कागद भरलेला आहे, एवढंच.

खाडीकाठ
तर्ककठोर, याला माझं शंभर टक्के अनुमोदन. शिवल्यांचा पट्टा टिकला तो ज्या बायका तिथे जातात त्यांनी दाखवला म्हणून.

तलाव_भंडारा
मराठी-मराठी चाललंय म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. आमच्या भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव आहेत, मामा तलाव म्हणतो आम्ही. कोहळी समाजाने बांधलेले, काही शेकडो वर्षं जुने. त्यात मासेमारी करणारे ढीवर. तलावांत बेशरम नावाची वनस्पती माजली, बाहेरचे मासे सोडले गेले आणि देशी मासे कमी झाले. काही गावांत ढीवरांच्या सहकारी संस्था आणि स्थानिक अभ्यासगट एकत्र आले. कुठली पाणवनस्पती कुठल्या माशाला लागते, अंडी कुठे घालतो, हे ढीवरांना विचारून घेतलं. बेशरम उपटली, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर देशी पाणवनस्पती परत लावल्या. मासे परत आले, पाणपक्षी आले. आधी मराठीत आणि बोलीत चर्चा झाली, इंग्रजी अहवाल मागून निघाले.

पण अजून पूर्वेला गडचिरोलीत जा. तिथे ग्रामसभेत गोंडी चालते. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यासगट चालायचे, बाहेरचा माणूस आणि गावकरी एकत्र बसून शिकायचे. गोंडी बोलणाऱ्या म्हातारीसाठी आपला मराठी फॉर्म हा इंग्रजीइतकाच परका आहे. आपण इंग्रजीकडे जी मागणी करतो, ती कोलामी, गोंडी, कोरकूवाले आपल्याकडे करू शकतात. ती आधी ऐकू या.

माळकरी
तलाव_भंडारा, फार महत्त्वाचं. धाग्याच्या शीर्षकात मी मराठी म्हटलं, मनात तीच होती. तुमच्या प्रतिसादाने आवाका वाढला.

म्हादईकाठ
गोव्यातून. आमच्याकडे आणखी एक पदर आहे, पोर्तुगीज. १८९८ मध्ये दालगादो यांची गोवा आणि सावंतवाडीच्या वनस्पतींवरची सूची पोर्तुगीजमध्ये छापली गेली. सव्वाशे वर्षांपूर्वी इथे काय उगवत होतं याची नोंद. आज सिंधुदुर्गात काम करणाऱ्या किती जणांनी ती उघडली असेल? खाजन शेतीचंही, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचंही, तसंच. बांध कुणी राखायचा, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं भरती-ओहोटीप्रमाणे कशी चालवायची, हे गावकारीच्या, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थेच्या, कागदांत आहे, काही पोर्तुगीज, काही जुन्या लिपीतली मराठी. बांध फुटला, खारं पाणी आत आलं की आम्ही नवा सल्लागार नेमतो.

आयटीवाला_नाशिक
आता तर यंत्र भाषांतर करतं. सगळे निबंध टाका, मराठी काढा. प्रश्न सुटला ना?

सोनकी
@आयटीवाला_नाशिक, इंग्रजी निबंध अंदाजे समजून घ्यायला उपयोग होतो, मी स्वतः जपानी निबंध तसे वाचते. पण वनस्पतींच्या आणि माशांच्या नावांवर यंत्र हमखास घसरतं, आणि संवर्धनात नाव चुकलं की सगळंच चुकलं. जाणकाराने तपासल्याशिवाय गावात वाटू नये. आणि दैनंदिनीतली शाई, वडिलांच्या डोक्यातला गवताचा हिशेब हे यंत्रात टाकायला आधी कुणीतरी लिहून काढायला हवं.

तर्ककठोर यांच्या तिसऱ्या आक्षेपाचं राहिलं होतं. तरुण संशोधकाचं नुकसान आजही होतंच आहे, उलट्या बाजूने. आमानो यांच्याच गटाने २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-संशोधकांना विचारलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेच्या कारणावरून परत येण्याचं प्रमाण इतरांच्या अडीच पटींहून जास्त होतं. वाचायला, लिहायला वेळ जास्त लागतो तो वेगळाच. आमच्या प्रयोगशाळेत जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं जंगलात सगळ्यांच्या पुढे असतात आणि लिहायला बसली की गप्प होतात. ही गुणवत्ता आपण हकनाक घालवतोय.

निबंध इंग्रजीत लिहावा, माझं म्हणणं तेच आहे. सोबत मराठी सारांश द्यावा. 'कॉन्झर्वेशन बायोलॉजी' वर्षानुवर्षं स्पॅनिश सारांश छापतं. 'बायोट्रॉपिका'मध्ये स्थानिक भाषेतला सारांश जोडता येतो. म्हणजे दार उघडं आहे, आपण आत जात नाही.

तर्ककठोर
ही सूचना मला पटते. यात कुणाचं काही जात नाही.

जात्यावरची
ओव्यांबद्दल एक सांगायचं होतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत, 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ऐकता-वाचता येतात. गाव आणि गाणारीचं नाव लावलेलं असतं. म्हणजे तर्ककठोर म्हणतात ते 'कुणी, कुठे' तिथे आधीच आहे. त्यातली झाडं, नद्या, जनावरं, पाऊस कुणी गावनिहाय काढले तर? मी मराठीची शिक्षिका आहे, ओवीचा अर्थ लावता येतो. झाड ओळखता येत नाही.

माळकरी
जात्यावरची, झाडाचं मी बघतो. मूळ प्रश्नावर येतो. मी विचारलं होतं की सरपंचाला निबंध कोण वाचून दाखवणार. इतकं वाचल्यावर म्हणतो, आपणच सुरुवात करू. माळरानाच्या निबंधाचा चार पानी मराठी सारांश मी लिहितो, सोनकी तपासतील का? वाडा_खंडाळी, तुमच्या वडिलांना तो वाचून दाखवाल? गवतांच्या बाबतीत ते काय दुरुस्त्या करतात ते ऐकायचंय. त्या त्यांच्या नावासह, त्यांची परवानगी असेल तर, सारांशातच घालू.

सोनकी
नक्की तपासते.

वाडा_खंडाळी
वाचून दावतो. पर आत्ता वाडा रोह्याच्या पलीकडं हाय, मोबाइलला रेंज न्हाय. शिमग्याला मी जाणार हाय. छापून द्या, मोठ्या अक्षरात.

बीट_मदतनीस
एक प्रत मलाही. आमच्याकडे माळ नाही, पण नोंद कशी लिहावी याचा नमुना होईल. आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख तिथीसकट लिहा. जुनी माणसं महिना सांगत नाहीत, अमुक अमावास्येच्या आगेमागे असं सांगतात.